कोर्टात जाण्याआधी: वाहन विमेदाराची कर्तव्ये

वाहन विम्याच्या पॉलिसीत कंपनीने काय द्यायचे हे लिहिलेले असते, तसे विमेदाराने काय करायचे हेही लिहिलेले असते. हा दुसरा भाग बहुतेक जण क्लेम नाकारल्याचे पत्र हाती पडल्यावर पहिल्यांदा वाचतात. देशभर चालणाऱ्या मोटार पॉलिसीच्या शर्तींमध्ये एक शर्त बाकी सगळ्यांना व्यापून आहे. पॉलिसीच्या अटींचे पालन आणि प्रस्ताव अर्जातील माहितीचा खरेपणा या कंपनीच्या कोणत्याही देण्याच्या पूर्वअटी आहेत, असे ती सांगते. त्यामुळे विमेदार कंपनीवर दावा घेऊन जातो तेव्हा नुकसान किती झाले याच्या आधी वेगळाच प्रश्न येतो: विमेदाराने आपल्या वाट्याचे काम केले होते का?

कळंब तालुक्यात हा प्रश्न घरोघरी येऊ शकतो. येरमाळ्यावरून जाणारा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग, रांजणीच्या साखर कारखान्याकडे हंगामात लागणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बाजार समितीत सोयाबीन आणणारे पिकअप आणि हातोहात विकल्या जाणाऱ्या जुन्या एमएच-25 दुचाक्या हे इथले रोजचे चित्र आहे. वाहन घेताना कर्ज काढलेले असते. क्लेम बुडाला तर गाडीही जाते आणि हप्तेही चालूच राहतात.

या कर्तव्यांकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरची, दुसरी विमेदाराची फाइल घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात उभे राहणाऱ्या वकिलाची. पुढील संवाद या दोन भूमिकांचा आहे.

सर्व्हेअर : वकीलसाहेब, पॉलिसीची पहिलीच शर्त बघा. नुकसान झाल्याबरोबर कंपनीला लेखी कळवायचे. ‘बरोबर’ याचा अर्थ गाडी गॅरेजात उघडून, निम्मे पार्ट बदलून झाल्यावर नव्हे. गाडी जागेवर असताना मला बोलावले तर धडक कशी बसली, कुठला पार्ट त्या धडकेने गेला आणि कुठला आधीच झिजलेला होता, हे मी सांगू शकतो. पंधरा दिवसांनी बोलावले तर मी कशाच्या आधारावर लिहू?

वकील : अपघातात तुमचे म्हणणे मला मान्य आहे, साहेब. पण तीच ओळ दाखवून चोरीचे क्लेमही नाकारले जातात. ट्रॅक्टर चोरीला गेला तर तुम्ही मोजणार तरी काय? वाहनच समोर नाही.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयातही दोन मते होती. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध परवेश चंदर चड्ढा या 2010 च्या निकालात चोरीची खबर कंपनीला काही महिन्यांनी दिली म्हणून क्लेम नाकारणे योग्य ठरले. ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या 2017 च्या निकालात ट्रकच्या चोरीची खबर आठ दिवस उशिरा दिली होती. उशिराचे समाधानकारक कारण दिलेले असेल तर खरा क्लेम केवळ तांत्रिक कारणावर फेटाळू नये, असे तिथे न्यायालयाने म्हटले. हा विरोध मिटवण्यासाठी प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेले आणि 24 जानेवारी 2020 रोजी गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स हा निकाल लागला. तो लिहिला न्या. भूषण गवई यांनी. प्रकरण एका ट्रॅक्टरचेच होते. 28 ऑक्टोबर 2010 रोजी चोरी झाली, त्याच दिवशी एफआयआर नोंदवला गेला, पण विमा कंपनीला खबर 52 दिवसांनी मिळाली. न्यायालयाने पहिल्या शर्तीचे दोन भाग वेगळे केले. अपघातात कंपनीला तत्काळ कळवण्याला अर्थ आहे, कारण सर्व्हेअरला नुकसान पाहायचे असते. चोरीत तातडी पोलिसांची असते, कारण शोध तेच घेतात. पोलिसांना लगेच कळवले असेल, तपासात चोरी खरी निघाली असेल आणि वाहन सापडलेले नसेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. 2022 मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा लागू झाले.

सर्व्हेअर : पण या निकालाचा गावात अर्थ वेगळाच लावला जातो. ‘उशीर झाला तरी चालतो’ असे लोक धरून चालतात. निकाल चोरीचा आहे. धडकलेल्या पिकअपला तो लागत नाही.

वकील : ते खरे. मी माझ्या पक्षकाराला हेच सांगतो, की 52 दिवसांचा निकाल जिंकायला त्या माणसाला जवळजवळ दहा वर्षे लागली. पहिल्याच दिवशी टोल-फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घेतला असता, ईमेल केला असता, तर ही दहा वर्षे वाचली असती.

मुदतीच्या अटीचे वजन धाराशिव जिल्ह्याने दुसऱ्या विम्यात अनुभवले आहे. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेले. पीक विमा योजनेत नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची अट होती. ती वैयक्तिक सूचना आली नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. पंचनामे मात्र शासनाने केलेले होते. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जिल्ह्यातील सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई द्यावी असा आदेश दिला. पीक विमा आणि मोटार विमा यांचे नियम वेगळे आहेत, पण दोन्हीकडे एक गोष्ट दिसते. नुकसान खरे आहे हे दाखवणारा, कोणाही पक्षाच्या हातात नसलेला कागद त्याच वेळी तयार झालेला असेल, तर उशिराची हरकत लंगडी पडते. तो कागद कधी एफआयआर असतो, कधी पंचनामा, कधी रुग्णालयाची नोंद.

सर्व्हेअर : दुसरे कर्तव्य वाहन सांभाळण्याचे. अपघातानंतर गाडी रस्त्यावर तशीच सोडून जायचे नाही, आणि दुरुस्तीआधी चालवून नुकसान वाढवायचे नाही. ऑइल चेंबर फुटलेले असताना गाडी दहा किलोमीटर गॅरेजपर्यंत चालवत नेली आणि इंजिन जाम झाले, तर चेंबरचे पैसे मिळतील, इंजिनाचे नाही. शर्तीतच लिहिले आहे, वाढलेले नुकसान विमेदाराच्या जोखमीवर.

वकील : पण रात्री अकरा वाजता येरमाळ्याच्या घाटात टोइंग मिळत नाही, हेही तुम्ही अहवालात लिहायला हवे.

सर्व्हेअर : तसे कोणी सांगितले तर लिहितो. त्यासाठी चालकाने जागेवरचे फोटो काढावेत, टोइंगला केलेले फोन लक्षात ठेवावेत. नंतर सांगितलेले आणि त्याच वेळी नोंदलेले यात फरक पडतो.

वाहन सांभाळण्याच्या या कर्तव्यातील ‘वाजवी काळजी’ या शब्दांवर बरेच वाद होतात. किल्ली गाडीत राहिली आणि गाडी चोरीला गेली, तर सगळा क्लेम बुडतो का? अशा प्रकरणांत न्यायालयांनी मधला मार्ग वापरला आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल (2008) आणि अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (2010) या निकालांपासून ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोडीची पद्धत रुळली आहे. अटीचा भंग झाला, पण तो चोरीच्या किंवा नुकसानीच्या मुळाशी नव्हता किंवा फार गंभीर नव्हता, तर मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत द्यायचे. सर्व्हेअरांना ही सवलत पटत नाही, कारण निष्काळजीपणालाही तीन चतुर्थांश पैसे मिळतात असा संदेश जातो. वकिलांना ती अपुरी वाटते. तरीही कंपनीने पूर्ण नकार दिला असताना विमेदाराने निदान या टक्केवारीची पर्यायी मागणी तक्रारीत लिहून ठेवावी. ती न मागितल्यामुळे हातची रक्कम गमावू नये.

वाहनाच्या स्वतःच्या कागदांबाबत मात्र न्यायालये फारशी नरम नाहीत. नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपली, पक्की नोंदणी केली नाही आणि त्या काळात गाडी चोरीला गेली, तर क्लेम मिळत नाही. युनायटेड इंडिया विरुद्ध सुशील कुमार गोदारा (2021) या प्रकरणात तेच घडले. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर वापरणे हा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. परमिट नसलेल्या व्यावसायिक वाहनाबाबतही 2018 च्या अमृत पॉल सिंग निकालात हीच कडक भूमिका दिसते.

वकील : इथे मी विमेदारालाच बोलतो. फिटनेस संपला, परमिट संपले, पीयूसी नाही, आणि अपघातानंतर एजंटाला विचारायचे की मागच्या तारखेने काही होते का. असे काही करायला गेलात तर विम्याचा क्लेम तर जाईलच, वर फौजदारी गुन्हा अंगावर येईल.

सर्व्हेअर : ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. शेतीसाठी म्हणून विमा उतरवायचा आणि हंगामभर भाड्याने ऊस, वीट, मुरूम ओढायचा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो हे पुष्कळांना माहीतही नसते.

याच परिस्थितीवर 2007 चा ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिज मोहन हा निकाल आहे. शेतीसाठी विमा असलेला ट्रॅक्टर वीटभट्टीची माती वाहत होता आणि ट्रॉलीवर बसलेला मजूर जखमी झाला. पॉलिसीत ही जोखीम बसत नव्हती. तरी न्यायालयाने कंपनीला जखमीचे पैसे आधी देऊन ते मालकाकडून वसूल करायला सांगितले. मजुराला न्याय मिळाला, पण वसुली ट्रॅक्टरमालकाच्या माथी आली. विमा असूनही घरातून पैसे भरावे लागतात, ते असे.

चालकाच्या परवान्याबाबत गेल्या काही वर्षांत दिलासा मिळाला आहे. 2017 च्या मुकुंद देवांगन निकालानंतर आणि 6 नोव्हेंबर 2024 च्या पाच न्यायमूर्तींच्या रंभा देवी निकालानंतर हे पक्के झाले, की हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असलेला चालक 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. त्यासाठी परवान्यावर वेगळ्या ‘ट्रान्सपोर्ट’ शेऱ्याची गरज नाही. पिकअप आणि छोट्या टेम्पोंचे बरेच नाकारले गेलेले क्लेम या निकालात बसतात. परवानाच नसेल किंवा मुदत संपून तो नूतनीकरण न झालेला असेल, तर मात्र हा निकाल वाचवत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याचे कर्तव्य सहसा कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर विम्याचे प्रमाणपत्रही नव्या मालकाकडे गेले असे धरले जाते, पण ते तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईपुरते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप जात नाही, असे 1996 च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स निकालात स्पष्ट झाले आहे. मोटार टॅरिफप्रमाणे खरेदीनंतर 14 दिवसांत कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. विकणाऱ्यालाही धोका आहे. आरटीओच्या नोंदीत नाव त्याचेच राहिले तर नवीन कुमार (2018) निकालाप्रमाणे अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणारा माणूस स्वतःची शेतजमीन धोक्यात घालत असतो.

अपघातात कोणी जखमी किंवा मृत झाले तर आणखी काही कर्तव्ये येतात. ती कराराची नसून कायद्याची आहेत. कलम 134 प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांना कळवायचे, आणि पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती व चालकाच्या परवान्याचा तपशील विमा कंपनीला लेखी द्यायचा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा समन्स आला तर तो कंपनीकडे लगेच पाठवायचा आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही किंवा तडजोडीचे पैसे देऊ करायचे नाहीत.

वकील : गावात अपघात झाला की लोक जमतात आणि ‘दोन लाख देतो, केस नको’ असे तिथेच ठरते. माणुसकी म्हणून दवाखान्याचा खर्च जरूर द्यावा. पण कबुलीचा कागद लिहून दिला की कंपनी त्यावर बोट ठेवते. आणि समन्स कंपनीकडे न पाठवता स्वतः गैरहजर राहिले, तर कलम 170 प्रमाणे कंपनी मालकाच्या जागी उभी राहून सगळे मुद्दे लढवते. मालकाचे म्हणणे मांडायला मग कोणी नसते.

तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यात 2004 चा स्वरणसिंग निकाल अजून आधारभूत आहे. मालकाने अट जाणूनबुजून मोडली हे कंपनीने सिद्ध करायचे असते, आणि भंग सिद्ध झाला तरी पीडिताला आधी पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायला सांगता येते. पीडिताच्या बाजूने मुदतीचा मुद्दा आता महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतील हा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाल्यावर कलम 166 खालील अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा अशी तरतूद आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी पीडिताने सहा महिन्यांच्या आतच अर्ज करणे सुरक्षित.

क्लेम दाखल झाल्यावरचे काम सहकार्याचे आहे. क्लेम फॉर्म, आरसी, परवाना, गॅरेजचे इस्टिमेट, मालवाहू गाडी असेल तर बिल्टी, फिटनेस आणि परमिट द्यायचे. चोरीत दोन्ही किल्ल्या आणि तपास थांबल्याचा पोलिसांचा अहवाल, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ‘ए समरी’ म्हणतात तो, मिळवावा लागतो. अमेरिकेतील अनेक मोटार पॉलिसींमध्ये कंपनीने बोलावल्यास शपथेवर जबाब देण्याची अट असते आणि तो टाळणाऱ्याचा दावा तिथे अडकू शकतो. भारतीय पॉलिसीत असा शपथेचा जबाब नाही, पण कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर जबाब घेतोच.

सर्व्हेअर : त्याला टाळू नये. टाळले की संशय वाढतो.

वकील : टाळू नये, पण कोऱ्या कागदावर सही करू नये, आपल्याला न समजणाऱ्या इंग्रजी जबाबावरही नाही. जबाब मराठीत घ्या असे सांगावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. कागद देताना पोच घ्यावी. पुढे ‘कागद दिलेच नाहीत’ असे उत्तर आले तर त्या पोचेवरच केस उभी राहते.

कंपनीलाही बांधलेले वेळापत्रक आहे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक 24 तासांत, त्याचा अहवाल 15 दिवसांत आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. सर्व्हेअरच्या अहवालाला वजन आहे, पण तो अंतिम शब्द नाही, असे न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार (2009) सांगते. नकाराच्या पत्राबाबत सौराष्ट्र केमिकल्स (2019) हा निकाल लक्षात ठेवावा. पत्रात न लिहिलेली कारणे कंपनीला पुढे न्यायालयात नव्याने मांडता येत नाहीत. म्हणून तोंडी नकारावर विसंबू नये; कारणांसह लेखी पत्र मागून घ्यावे. कमी रक्कम देऊन ‘पूर्ण व अंतिम’ व्हाउचरवर सही घेतली गेली तरी सगळे संपत नाही. दबाव किंवा फसवणूक दाखवता आली तर उरलेल्या रकमेसाठी तक्रार चालते, हे 1999 च्या अजमेर सिंग कॉटन निकालापासून मान्य आहे. सहीबरोबरच ‘हरकत राखून’ असे लिहिणे किंवा लगेच निषेधाचे पत्र पाठवणे हा त्याचा पुरावा.

त्यानंतर दारे कोणत्या क्रमाने ठोठवायची हे ठरवायचे. पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही ती नोंदवता येते. विमा लोकपालाकडे जायचे असेल तर ही पायरी सक्तीची आहे. कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर लोकपालाकडे जाता येते. धाराशिव जिल्ह्यासाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. मुदत एक वर्षाची. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमेदारावर नसतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

सर्व्हेअर : मग सगळेच लोकपालाकडे का जात नाहीत?

वकील : कागदावर मिटण्यासारखा वाद असेल तर मी तिकडेच पाठवतो. साक्षी तपासायच्या असतील, मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल, तर आयोग बरा. आणि ट्रक-टेम्पोवाल्यांना ‘तुम्ही ग्राहक नाही, धंदेवाले आहात’ असे आता म्हणता येत नाही.

हे शेवटचे वाक्य 13 एप्रिल 2023 च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध हरसोलिया मोटर्स निकालावर उभे आहे. विमा नफ्यासाठी घेतला जात नाही, नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, म्हणून व्यावसायिक वाहनाचा मालकही साधारणपणे ग्राहक ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कळंबच्या माणसाला कंपनीच्या मुंबई-पुण्याच्या कार्यालयाकडे धावावे लागत नाही. धाराशिवचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. आयोगाची हद्द भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर ठरते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी लागत नाही. वकिली नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी मागणीची रक्कम आणि कारणे त्यात एकदा नीट लिहिली जातात, म्हणून ती पाठवणे उपयोगी.

मुदत कलम 69 प्रमाणे दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि क्लेम नाकारला गेला असेल तर साधारणतः नकाराच्या तारखेपासून. त्यानंतर कंपनीला पाठवलेल्या पुन्हा पुन्हा विनंतीपत्रांनी ही मुदत वाढत नाही. दिवाणी न्यायालयातल्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 44 प्रमाणे तीन वर्षे मिळतात. पॉलिसीत मात्र नकारापासून 12 महिन्यांत दावा केला नाही तर क्लेम सोडून दिला असे समजू, अशी ओळ असते. करार कायद्याचे कलम 28, 1997 च्या दुरुस्तीनंतर, हक्क अशा रीतीने संपवणाऱ्या अटींना रद्दबातल ठरवते. तरी नकाराचे पत्र मिळाल्यापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे किंवा आयोगात तक्रार दाखल झाली, तर या ओळीवर वाद घालण्याची वेळच येत नाही.